सिहावाचे रान, पुरानी बस्तीचे पाणी

रायपूर शहराचे जे सर्वांत जुने अंग, त्याला तेथील लोक आजही पुरानी बस्ती असेच म्हणतात. महामायेचे देऊळ, जैतूसाव मठ, थोड्या अंतरावर दूधाधारी मठ आणि या साऱ्यांच्या आसपास बूढा तालाब, महाराजबंध यांसारखी विस्तीर्ण तळी, असा या वस्तीचा परिसर आहे. छत्तीसगढाच्या मैदानात जुन्या गावाची प्रतिष्ठा त्याच्या तळ्यांवरून ठरे. चार महिन्यांचा पाऊस भाताच्या खाचरांत आणि तळ्यांत अडवावा आणि उरलेले आठ महिने त्यावर काढावेत, ही या मुलुखाची शतकानुशतकांची रीत. १८९२ मध्ये राजनांदगावचे राजे बलरामदास यांच्या देणगीतून खारून नदीवर रायपूरचे पहिले जलकेंद्र उभे राहिले आणि शहराची नजर तळ्यावरून नदीकडे वळली. पण खारून ही उन्हाळ्यात रोडावणारी नदी. वाढत्या शहराची तहान तिच्याने भागेना. तेव्हा महानदीवरील गंगरेलच्या जलाशयातून कालव्यावाटे खारूनमध्ये पाणी सोडण्याची योजना झाली. वैशाखात पुरानी बस्तीच्या नळाला येणारे पाणी असे दुरून आलेले असते. दक्षिणेस सुमारे दीडशे किलोमीटरांवर असलेल्या सिहावाच्या सालवनात आदल्या पावसाळ्यात ते मुरलेले असते.

या पाण्याचा इतिहास सांगायचा तर त्या रानाचा इतिहास सांगावा लागतो, आणि रानाचा सांगायचा तर 'राखणे' या एका क्रियापदाचा सांगावा लागतो. मराठीत या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. एक जपण्याचा, दुसरा इतरांना वगळून आपल्यापुरते ठेवून घेण्याचा. शेताची राखण करणारा पहिल्या अर्थाने राखतो, जागा राखीव करणारा दुसऱ्या. सिहावाचे रान गेल्या दीडशे वर्षांत अनेकदा राखले गेले. आधी लाकडासाठी, मग पाण्यासाठी, अखेरीस वाघासाठी. प्रत्येक वेळी पहिला अर्थ बोलला गेला आणि दुसरा अमलात आला. त्या रानात पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या गोंड, कमार, भुंजिया, हलबा या लोकांनी त्या दुसऱ्या अर्थाला जे उत्तर दिले, तो या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूगोल ध्यानात घ्यावा. आजच्या धमतरी जिल्ह्याच्या दक्षिण भागात नगरी-सिहावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे फरसिया गावाजवळ महानदी उगम पावते. शृंगी ऋषींच्या कमंडलूतून ती सांडली अशी लोककथा आहे. साडेआठशे किलोमीटरांहून अधिक वाट चालून ती ओडिशात समुद्राला मिळते. उगमाजवळ मात्र ती ओलांडायला एक झेप पुरेशी होते. या डोंगरांवर सालाचे रान आहे. छत्तीसगढी भाषेत त्याला सरई म्हणतात. सालाखालचा पाचोळा आणि त्याच्या मुळांनी धरून ठेवलेली माती पावसाचा जोर अंगावर घेते, पाणी खाली मुरू देते आणि झऱ्यांवाटे सावकाश सोडते. रान तुटले म्हणजे तेच पाणी लाल माती घेऊन एकदम धावते; ओढ्याला पूर येतो आणि होळीनंतर तोच ओढा कोरडा पडतो. हे ज्ञान तेथील लोकांना कोणत्याही खात्याच्या आधीपासून होते. देवराया झऱ्यांच्या काठी असतात, याचे मर्म त्यातच असावे.

उगमाच्या या प्रदेशाचे महत्त्व प्राचीनांनीही ओळखले होते. सिहावाजवळ कर्णेश्वराचे मंदिर आहे. कांकेरच्या सोमवंशी कर्णराजाचा शके १११४, म्हणजे इसवी सन ११९१-९२ चा शिलालेख तेथे आहे आणि त्यात या तीर्थाला 'देवह्रद' म्हटले आहे. देवांचा डोह हे नाव पाण्यावरून पडलेले आहे, हे सांगायला नको.

मराठी वाचकाचा या रानाशी संबंध अठराव्या शतकापासून येतो. १७४१ मध्ये भास्करराम कोल्हटकर नागपूरकर भोसल्यांची फौज घेऊन रतनपुरावर आले. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर सुभेदारांची राजवट आली. १८१८ मध्ये इंग्रज अधिकारी अॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, आणि पुरानी बस्तीच्या आसपासचे हे गाव राजधानी झाले. पुढे १८३० च्या सुमारास बस्तरच्या राजाकडून खंडणीच्या व्यवहारात सिहावा परगणा नागपूरकडे आला. अशा रीतीने महानदीचा उगम नागपूरच्या दप्तरात नोंदला गेला. त्या दप्तरात परगण्याची किंमत जमिनीच्या महसुलावर ठरत असे. रानाला स्वतंत्र किंमत नव्हती, म्हणून रानाला कुंपणही नव्हते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि हे सारे इंग्रजांच्या हाती गेले.

इंग्रजांना रानाची किंमत ठाऊक होती, कारण त्यांना लोहमार्ग घालायचे होते. साल हे स्लीपरांसाठी उत्तम लाकूड. ते उन्हापावसात वर्षानुवर्षे टिकते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी सरकारला रान राखीव करण्याचा अधिकार दिला. विदर्भाच्या वाचकाला 'निस्तार' हा शब्द परिचित असेल. घरचे सरपण, गुरांची चराई, नांगराचे आणि घराचे लाकूड, मोह, चार, हिरडा अशा नित्याच्या गरजा रानातून भागविण्याचा गावाचा रिवाज, तो निस्तार. राखीव रानात हा रिवाज सरकारच्या मेहेरबानीवर आला. काल जे आपले होते, त्यासाठी आज परवाना लागे. गुरे हद्दीपलीकडे गेली की कोंडवाड्यात जात आणि दंड भरल्याशिवाय सुटत नसत. कमारांची बेवर शेती, म्हणजे रानाचा तुकडा तोडून, जाळून त्याच्या राखेत बी टाकण्याची पद्धत, खात्याने मोडून काढली. श्यामाचरण दुबे यांनी या जमातीवर १९५१ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा ते एका बदलून गेलेल्या जीवनाची नोंद करीत होते. या सगळ्यात भर म्हणजे खात्याला मजूर हवे असत, आणि ते बेगारीने किंवा नाममात्र मजुरीवर मिळविले जात. ज्यांना रानातून दूर ठेवायचे, त्यांच्याच हातांनी ते तोडून घ्यायचे, असा हा व्यवहार होता.

रानाची ही व्यवस्था लागत असतानाच खालच्या मैदानात दुष्काळ पडले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी छत्तीसगढ खिळखिळे केले. भाताला एक शेवटचे पाणी मिळाले तर पीक वाचते, हे ओळखून सरकारने कालव्यांची कामे हाती घेतली. धमतरीजवळ रुद्री येथे महानदीवर बंधारा झाला आणि १९१५ च्या सुमारास तेथून कालवे निघाले. बंधाऱ्याला पाणी पुरविण्यासाठी सिलारी नदीवर मुरूमसिल्लीचे धरण १९१४ मध्ये सुरू होऊन १९२३ मध्ये पुरे झाले. लोक त्याला माडमसिल्ली म्हणतात. त्याच्या सांडव्यावर चौतीस वक्रनळ्या आहेत. पाणी ठराविक पातळीवर चढले की त्या आपोआप वाहू लागतात. दार उघडायला माणूस लागत नाही. त्या काळी हे मोठे नवल होते. पाणी आपोआप सुटे. त्याची पट्टी मात्र आपोआप वसूल होत नसे.

ती वसूल करताना जे घडले, त्याने छत्तीसगढाच्या राजकारणाला वळण दिले. धमतरीजवळच्या कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी पाण्याचा दहा वर्षांचा करार करावा, असा पाटबंधारे खात्याचा आग्रह होता. शेतकऱ्यांचा हिशेब साधा होता. दहा वर्षांत जेवढी पट्टी भरायची, तेवढ्या पैशांत गावाला स्वतःचे तळे खणता येईल. त्यांनी करार नाकारला. १९२० च्या पावसाळ्यात खात्याने गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवला आणि चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड बसविला. दंड भरायचा नाही, असा गावाने निश्चय केला. बाबू छोटेलाल श्रीवास्तव हे या लढ्याचे पुढारी. त्यांच्या जोडीला नारायणराव मेघावाले आणि नत्थूजी जगताप होते. धमतरीच्या मराठी वळणाची साक्ष ही नावेच देतात. सरकारने गावची गुरे जप्त करून बाजारात लिलावाला काढली, पण बोली लावायला कोणी पुढे येईना. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात गुरे हिंडविली गेली. उपासाने ती खंगली, पण घेणारा मिळाला नाही. राजीमचे पंडित सुंदरलाल शर्मा गांधीजींना आणण्यासाठी कलकत्त्याला गेले. डिसेंबर १९२० मध्ये गांधीजी रायपूर आणि धमतरीला आले, ही छत्तीसगढाची दृढ धारणा आहे. अखेर सरकारने दंड मागे घेतला.

कंडेलचे यश डोंगरात पोहोचायला वेळ लागला नाही. जानेवारी १९२२ मध्ये नगरी-सिहावाच्या आदिवासींनी श्यामलाल सोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या पुढाकाराने राखीव रानात शिरून उघडपणे लाकूड तोडले आणि स्वतःला अटक करवून घेतली. बेगार बंद व्हावी, मजुरी रास्त मिळावी, चराई आणि सरपणाचा हक्क परत मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्याच वर्षी सुंदरलाल शर्मा आणि नारायणराव मेघावाले यांनाही तुरुंगात टाकण्यात आले. शर्माजींनी तुरुंगात हस्तलिखित पत्र काढले आणि त्याला श्रीकृष्णाच्या जन्मस्थानाचे नाव दिले. मराठी माणसाला जंगल सत्याग्रह म्हटले की १९३० आठवते. पुसदला बापूजी अणे यांनी कापलेले गवत, बिळाशीचा लढा आणि चिरनेरचा गोळीबार ही सारी त्या एकाच वर्षातील प्रकरणे. सिहावाचे लोक यांच्याही आठ वर्षे आधी रानात उतरले होते, ही गोष्ट आपल्या इतिहासलेखनात क्वचितच येते.

कंडेल आणि सिहावा हे दोन लढे सामान्यतः दोन प्रकरणांत लिहिले जातात. एक पाण्याचा, दुसरा रानाचा. एक कुर्मी-साहू-मराठा शेतकऱ्यांच्या मैदानातला, दुसरा गोंडांच्या डोंगरातला. एकाचे भांडण पाटबंधारे खात्याशी, दुसऱ्याचे वनखात्याशी. पण नकाशा समोर ठेवला तर ही विभागणी टिकत नाही. जे पाणी कंडेलला विकले जात होते, ते सिहावाच्या रानातून उतरत होते, आणि ज्या लोकांना त्या रानातून हाकलले जात होते, त्यांच्या राखणीचा मोबदला त्या पट्टीत कोठेच नव्हता. सरकारने एकाच डोंगराचे दोन खात्यांत दोन हिशेब ठेवले होते. धमतरीच्या पुढाऱ्यांनी दोन्ही लढ्यांत भाग घेऊन तो हिशेब एकत्र मांडला. शास्त्रीय परिभाषेत आज ज्याला पाणलोट म्हणतात, त्याची राजकीय ओळख या देशात फार थोड्या ठिकाणी इतक्या लवकर झाली असेल.

खात्याच्या हिशेबात मात्र फरक पडला नाही. १९२० च्या दशकात कुरूदजवळच्या चरमुडियापासून दुगली, सांकरा, नगरी, फरसिया अशा मार्गाने रानाच्या पोटात अरुंद रुळांची ट्राम घालण्यात आली. रायपूर-धमतरी या छोट्या गाडीच्या मार्गाला ती जोडली होती, आणि तिच्यावरून सालाचे स्लीपर बाहेर जात. महानदीच्या उगमाचे गाव असे लाकडाच्या गाडीचे एक ठाणे बनले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, ही ट्राम बंद झाली आणि तिचे रूळही उचलून नेले गेले. रान राखीव होते. कोणासाठी, ते हे रूळ सांगत होते.

१९३० मध्ये लढा पुन्हा पेटला. रुद्रीजवळ नवागाव येथे, म्हणजे ज्या बंधाऱ्यावरून कंडेलला पाणी जाई त्याच्या सान्निध्यात, छोटेलाल, मेघावाले आणि जगताप यांनी जंगल सत्याग्रह मांडला. पुढाऱ्यांना आधीच अटक झाली, तरी लोक जमले. पोलिसांनी गोळ्या चालविल्या आणि लमकेनी गावचा मिंधू कुंभार मारला गेला. त्याच काळात रायपुरात चळवळीची धुरा ज्या पाचजणांनी वाहिली, त्यांना लोक पाच पांडव म्हणत. वामनराव लाखे, महंत लक्ष्मीनारायणदास, ठाकूर प्यारेलाल सिंह, मौलाना अब्दुल रऊफ आणि शिवदास डागा हे ते पाच. यांतले महंत पुरानी बस्तीच्या जैतूसाव मठाचे. वामनराव हे माधवराव सप्रे यांच्या 'छत्तीसगढ मित्र' या पत्राचे प्रकाशक आणि छत्तीसगढातील सहकारी चळवळीचे एक प्रवर्तक. त्यांच्या नावाचे लाखेनगर आजही पुरानी बस्तीला लागून आहे. म्हणजे ज्या वस्तीला आज सिहावाचे पाणी पोहोचते, तिने त्या दिवसांत चळवळीला माणसे दिली होती. या ऋणानुबंधाची आठवण तेथे आज कितपत राहिली आहे, हा वेगळा प्रश्न.

स्वातंत्र्यानंतर राखण्याचे कारण बदलले. रीत बदलली नाही. उगमाच्या खाली दुधावा येथे १९६३-६४ मध्ये धरण पुरे झाले. गंगरेलच्या धरणाचा पाया १९७२ मध्ये घातला गेला, आणि त्या दशकाच्या अखेरीस चौदा दरवाजांचा तो विशाल जलाशय भरला. रविशंकर शुक्ल यांचे नाव त्याला देण्यात आले. भातशेती, भिलाईचा पोलादाचा कारखाना आणि रायपूर शहर, तिघांनाही त्याने पाणी दिले. त्याखाली पन्नासहून अधिक गावे बुडाली. त्या गावांची अंगारमोती देवी पाण्यातून उचलून धरणाच्या काठी आणून बसविली गेली आणि दिवाळीनंतर तिची जत्रा तेथे भरते. देवीला जागा मिळाली. तिच्या भक्तांच्या पुनर्वसनाचे गाऱ्हाणे मात्र पुढे कित्येक दशके चालू राहिले आणि उच्च न्यायालयापर्यंत गेले. मुरूमसिल्लीच्या धरणाला पुढे बाबू छोटेलालांचे नाव मिळाले. ज्या सरकारच्या कालव्याविरुद्ध तो माणूस लढला, त्याच सरकारच्या धरणावर त्याचे नाव यावे, हा सन्मान आहे आणि इतिहासाने केलेली थट्टाही.

१९७४ मध्ये सीतानदी अभयारण्य झाले. १९८० च्या दशकात पूर्वेकडे रानरेड्यांसाठी उदंती अभयारण्य झाले. २००९ मध्ये दोन्ही मिळून उदंती-सीतानदी व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्र १८४२ चौरस किलोमीटरांहून अधिक आहे आणि त्यातील ८५१ चौरस किलोमीटर गाभ्याचे. वाघासाठी रान राखले की पाण्यासाठीही ते आपोआप राखले जाते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण गाभा म्हणजे जेथे माणूस नसावा अशी जागा, आणि या गाभ्यात गावे होती. शंभर वर्षांपूर्वी चराईचा जो प्रश्न होता, तो नव्या नावाने पुन्हा उभा राहिला.

या वेळी उत्तराचे साधन मात्र निराळे होते. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंसाधनाचा हक्क मान्य केला. निस्ताराचा रिवाज हक्क झाला, आणि त्याबरोबर रान राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेकडे आली. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये हा हक्क मिळविला, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. नगरी तालुक्यातील जबर्रा या गावाला २०१९ मध्ये ५३५२ हेक्टर रानावर असा हक्क मिळाला. २०२१ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यातील पाच गावांना साडेपाच हजारांहून अधिक हेक्टरांवर तो मिळाला. त्याच वर्षी नगरी या नगर पंचायतीच्या वस्तीलाही सुमारे चार हजार एकरांवर तो मान्य झाला. श्यामलाल सोम यांनी रानात कुऱ्हाड उचलली होती, त्याला तेव्हा शतक पुरे व्हायला काही महिनेच उरले होते.

येथे कथा सुखान्त झाली असे म्हणता येणार नाही. प्रकल्पाच्या हद्दीत रान तोडून नवी शेते काढल्याचे प्रकार घडले आहेत, आणि ते साऱ्यांच्याच मुळावर येणारे आहेत. कागदावरचा हक्क आणि रानातली वहिवाट यांत अंतर आहे. वनखात्यातही रानावर जीव लावणारी माणसे होती आणि आहेत. गावकरी तेवढा राखणदार आणि सरकार तेवढे लुटारू, अशी सोपी वाटणी इतिहास करू देत नाही. पण एक गोष्ट तो निःसंदिग्धपणे सांगतो. कोणतेही रान केवळ हद्दीच्या दगडांनी टिकलेले नाही. ज्याला त्या रानातून सरपण, मोह आणि पाणी मिळते, त्याला ते उद्याही मिळावेसे वाटते. त्याची गरज हीच त्याची राखण. ती गरज गुन्हा ठरविली की रानाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जागरूक पहारेकरी आपण स्वतः घालवून बसतो.

पाणीपट्टीच्या बिलात पंपाचा खर्च असतो, शुद्धीकरणाचा असतो, जलवाहिनीचा असतो. डोंगरावर उन्हाळ्यात ज्यांनी पाचोळा पेटू दिला नाही, झऱ्याकाठचे झाड तोडू दिले नाही, त्यांचा रकाना त्यात नाही. १९२० मध्ये कंडेलने विचारले होते की आम्ही पाण्याचे पैसे का भरावेत. १९२२ मध्ये सिहावाने विचारले की आमचे रान आम्हालाच का बंद. हे दोन प्रश्न एकत्र वाचले म्हणजे तिसरा प्रश्न उभा राहतो आणि तो शहराला उद्देशून असतो. राखलेल्या पाण्यावर जे जगतात, त्यांचे राखणाऱ्यांशी नाते काय? पुरानी बस्तीच्या पूर्वजांनी तळी खणली तेव्हा हा प्रश्न नव्हता, कारण पाणी राखणारे आणि पिणारे एकच होते. आज त्यांच्यामध्ये दीडशे किलोमीटरांचे अंतर आणि एक कालवा आहे. त्या कालव्याच्या दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना ओळखू लागतील, तेव्हाच 'राखणे' या शब्दाचे दोन अर्थ पुन्हा एक होतील.